आणणावळ

नंदितानं तुरीच्या डाळीची पिशवी दुकानाच्या फळीवर टाकली, तेव्हा गंगाबाई चिंच तोलत होती.

"हे परत घ्या, अक्का."

"कां गे? किडे निघाले की काय?"

"किडे नाहीत. भाव निघाला." नंदिता फळीला रेलली, पण नजर तिनं चिंचेवरच ठेवली. "आमचे हे काल पूल ओलांडून एसीच्या दुकानास गेले होते. हीच डाळ, हीच पिशवी, अठरा रुपये कमी. एवढी वर्षं आम्हांस काय म्हणून असं केलंत?"

गंगाबाईनं डाळ मागं घेतली. पिशवीचं तोंड फोडलेलं होतं, दोन मुठी डाळ कमीही होती. तिनं गल्ल्यातून पुरते पैसे काढून दिले. नंदिता शेजारची, भिंतीला भिंत लागलेली. तिच्या लेकीच्या, कीर्तनाच्या, बारशाचा गूळ ह्याच दुकानातून एक पैसा न घेता गेलेला. असल्या गोष्टी बोलून दाखवायच्या नसतात, असं गंगाबाईला वाटायचं. पुढं पुष्कळ महिन्यांनी तिला वाटलं, की बोलून दाखवायला हव्या होत्या.

नडुतिट्टू म्हणजे कोळ्ळिडम नदीच्या पोटातलं बेट. दोन्ही अंगांनी पाणी आणि मधे कोसभर लांब गाळाची जमीन. केळीचा खुंट नुसता टेकवला तरी रुजावा अशी माती, पण पायाला लागली तर दिवस मावळेतो सुटायची नाही. नव्वद घरं. त्यांतली बारा-तेरा मराठी, तंजावूरच्या राजांच्या घोड्यांना वैरण पुरवायला म्हणून कधी काळी आणून वसवलेली. राजे गेले, घोडे गेले, वैरणवाले राहिले. घरात मराठी, वेशीबाहेर तमिळ, आणि भांडताना दोन्ही.

दुकान एकच, हनुमंतराव आणि गंगाबाईचं. बत्तीस वर्षं हनुमंतराव तंजावूरच्या ठोक बाजारातून माल उचलायचा, बसच्या टपावर घालून तिरुवैयारुला आणायचा, तिथून गाडीनं काठाला, आणि काठावरून परिसलीत. परिसल म्हणजे बांबूची विणलेली, डांबर फासलेली मोठी गोल टोपली. एका वल्ह्यानं ती फिरत फिरत न्यायची; ज्याला येतं त्यालाच येतं. पोती उतरवून उतरवून त्याचा उजवा खांदा डाव्यापेक्षा चार बोटं खाली आला होता. वर आणखी एक गोष्ट. मेट्टूरचं धरण भरलं की कोळ्ळिडममध्ये पाणी सोडतात, आणि बेट कधी आठ, कधी पंधरा दिवस जगापासून तुटतं. म्हणून आडीचा, म्हणजे आषाढाचा, वारा सुटायच्या आत हनुमंतराव दुकानावरचा माळा भरून ठेवायचा. तांदूळ, डाळ, मीठ, तेल, काड्यापेट्या, लहान पोरांच्या दुधाच्या भुकटीचे डबे. पूर आला तर खपायचं, नाही आला तर निम्मं उंदीर खायचे, निम्म्याला बुरशी लागायची. हे सगळं त्या अठरा रुपयांत होतं. पण कधी कुणी विचारलं नव्हतं आणि त्यानंही कधी सांगितलं नव्हतं.

मग ठेंगणा पूल झाला. पाण्यापासून पुरुषभर उंच, सिमेंटचा, कठडा नसलेला. आणि पुलाच्या त्या टोकाला, भाताची खाचरं बुजवून, काचेच्या दारांचं एसीचं दुकान उभं राहिलं.

गंगाबाई एकदा स्वतः जाऊन बघून आली. आत गारवा, पांढरा उजेड, आणि प्रत्येक फळीवर भावाची चिठ्ठी. तिनं तिळाच्या तेलाची बाटली हातात घेतली, चिठ्ठी वाचली, बाटली ठेवली आणि पुन्हा घेतली. हनुमंतराव ठोक बाजारात त्या तेलाला जो भाव देत होता, त्याहून इथला भाव कमी होता. तिथले मॅनेजर गणेशकुमार म्हणून होते. अंगावर इस्त्रीचा शर्ट, बोलणं अगदी गोड. त्यांनी तिला ओळखलं, बसायला स्टूल दिलं, तमिळमध्ये विचारलं, "अम्मा, कॉफी घेता का?"

"कॉफी नको. एक सांगा. ह्या भावात तुम्हास परवडतं कसं?"

गणेशकुमार हसले. खोटं बोलायची त्यांना गरज वाटली नाही. "परवडत नाही, अम्मा. वरचे लोक म्हणाले, सात-आठ महिने तोटा सोसा. तेवढ्यात आजूबाजूची दुकानं मिटतात. मग भाव आपल्या हातात. तुम्ही आत्ताच मिटवलंत तर तुमचं नुकसान कमी होईल. घरच्या माणसाला सांगावं तसं सांगतोय."

तिनं हे घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, नंदिताला सांगितलं, नदीवर धुणं धुणाऱ्या बायांना सांगितलं. बाया म्हणाल्या, "तोटा सोसतात तर सोसूं दे की. आपलं काय जातं?"

पुढच्या रविवारी पिळ्ळैयारच्या, म्हणजे गणपतीच्या, देवळापुढच्या पत्र्याखाली गावची बैठक भरली. बोलावली होती नामदेवनं. नामदेव म्हणजे नंदिताचा नवरा. केळीचा मोठा बागाईतदार आणि पंचायतीचा मेंबर. त्याच्या हातात एसीच्या दुकानाचं छापील पत्रक होतं. एकेक जिन्नस तो वाचायचा आणि विचारायचा, "हनुमंतअण्णा, तुमचा भाव?" हनुमंतराव सांगायचा. लोक ऐकायचे. मीठ, साखर, कॉफीची पूड, साबण. साबणापर्यंत पोचेस्तोवर मागच्या बाजूला हसायला सुरुवात झाली होती.

"मग हे वरचं कोठे गेलं?" नामदेवनं विचारलं.

हनुमंतराव उठून उभा राहिला. गर्दीपुढं बोलायची त्याला सवय नव्हती. "आणणावळ असते. परिसलीतून आणायचं म्हणजे... आणि माळ्यावर ठेवावं लागतं, पुरासाठी."

"ठेवा म्हणून तुम्हास कोण सांगितलं?"

"कोणी नाही."

"मग?"

"लोकांस लागतं म्हणून."

"लोकांस लागतं म्हणून बत्तीस वर्षं लोकांकडूनच वसूल केलं," नामदेव म्हणाला, आणि ह्या वेळी पुढच्या बाजूचेही हसले. कुणीतरी तमिळमध्ये चोर म्हणालं. हळूच म्हणालं, पण पत्र्याखाली हळू बोललेलंही घुमतं. हनुमंतराव खाली बसला. बैठक संपून लोक पांगले तरी बसूनच होता. शेवटी गंगाबाईनं दंडाला धरून उठवला.

पोंगलच्या आधी दुकान मिटलं. माळ्यावरचं धान्य बदकं पाळणाऱ्यांनी पडत्या भावानं नेलं. परिसल हनुमंतरावनं परसात पालथी घातली आणि तिच्या बुडाखाली कोंबड्या राहायला लागल्या. तो एका बागेत केळीचे घड वाहायच्या रोजंदारीवर जाऊ लागला. साठी उलटलेल्या माणसाला तरण्याच्या निम्मी मजुरी. बाग नामदेवची होती.

त्या वर्षी वर कर्नाटकात पाऊस धो धो पडला. आडी सरता सरता मेट्टूर भरलं, आणि एका सकाळी कोळ्ळिडमचं पाणी तांबूस होऊन फुगलं. दुपारपर्यंत ठेंगणा पूल दिसेनासा झाला. सरकारी होडी आली, चला म्हणाली, पण घरं, गुरं टाकून कोण जाणार? लोक म्हणाले, दोन दिवसांत ओसरेल. दोन दिवसांत पाणी आणखी हातभर चढलं. उपटलेल्या केळी, बांबूची बेटं, मेलेली जनावरं वाहत येऊ लागली, आणि होडीच्या पंख्यात खुंट अडकायला लागल्यावर तीही यायची थांबली. वीज गेली. एसीच्या दुकानातून लोक आठवड्याचं आणायचे, कुणी दोन दिवसांचं. पाचव्या दिवशी बेटावरच्या निम्म्या घरांत तांदूळ नव्हता.

पाचव्याच दिवशी पन्नासेक माणसं हनुमंतरावच्या दारात आली. पुढं नामदेव.

"अण्णा, माळा उघडा."

"माळ्यावर काही नाही, नामदेव."

"असं कसं होईल? दर वर्षी असतं की."

"दर वर्षी ठेवत होतों. ह्या वर्षी ठेवलं नाही."

कुणाला पटलं नाही. नामदेव स्वतः शिडी लावून वर चढला, त्याच्यामागून आणखी दोघं. वर रिकामी पोती होती, उंदरांच्या लेंड्या होत्या. त्यांनी पोती झटकली, फळ्या वाजवून पाहिल्या, मग खाली येऊन स्वयंपाकघरात शिरले. गंगाबाईच्या मडक्यात तीन शेर तांदूळ निघाला. त्यातला दोन शेर त्यांनी नेला. नेताना एक म्हातारा म्हणाला, "सगळ्यांस सारखं, अम्मा. आता हे दुकान नाही."

नामदेव मात्र मागं राहिला. सगळे गेल्यावर त्याचा आवाज बदलला. कीर्तना बाळंतपणाला माहेरी आली होती. बाळ दोन महिन्यांचं, आईला दूध नाही, भुकटीचा डबा काल संपला. तांदळाची पेज पाजली ती बाळानं ओकून टाकली. भिंतीपलीकडून ते रडणं गंगाबाईला कालपासून ऐकू येत होतं. सकाळपासून ते बारीक झालं होतं.

"परिसल तुम्हासच येते, अण्णा," नामदेव म्हणाला. "गावात आणखी कोणास येत नाही."

"जाऊं नका," गंगाबाई नवऱ्याला म्हणाली. नामदेवच्या तोंडावरच म्हणाली. "त्यांस पोहायला येतं. त्यांस जाऊं द्या."

हनुमंतरावनं परसात जाऊन परिसल उलथी केली, कोंबड्या हाकलल्या. "बाळ आहे गे," तो म्हणाला. एवढंच.

सहाव्या दिवशी सकाळी तो गेला. नदीनं त्याला दीड कोस खाली नेलं, मगच काठाला लागू दिलं. तिथून चिखलातून चालत तो एसीच्या दुकानाला पोचला. दुसऱ्या दिवशी सकाळी माल बैलगाडीत घालून, परिसल डोक्यावर घेऊन तो नदीच्या अंगानं वर चालत गेला, आणि वरून परिसल पाण्यात सोडून बेटाच्या नाकावर नेमका लागला. दुपार झाली होती. परिसलीत एक पोतं तांदूळ, मीठ, डाळ, मेणबत्त्या आणि भुकटीचा एक डबा. डबा त्यानं आधी नामदेवच्या हाती दिला. बाळ दूध प्यायलं. घराघरांतून माणसं पिशव्या घेऊन धावली.

भाव सांगितला आणि पिशव्या थांबल्या.

पलीकडेही रस्ते तुटले होते. माल येत नव्हता, म्हणून एसीच्या दुकानानंही भाव दीडपट केला होता. हनुमंतरावनं जे दिलं तेच सांगितलं, वर एक पैसा लावला नाही.

"पत्रकात असं नाही की," कुणीतरी म्हणालं.

"आता असं आहे. बिल आहे मजपाशी." त्यानं कमरेची गाठ सोडून कागद काढला. कागद भिजून चिकटला होता. त्यानं तो दोन्ही हातांनी हळू उलगडला. आत काही नव्हतं. ती मशिनीतून निघणारी फिकी अक्षरं, पाण्यात सगळी पुसून गेली होती. पांढरा कागद तो सगळ्यांना दाखवत उभा राहिला.

लोक कागदाकडे बघत होते. नामदेवही बघत होता. बाळाला दूध मिळाल्याला अजून अर्धा तास झाला नव्हता. तो म्हणाला, "असूं दे. ज्याला जे सोसतं त्यानं ते द्यावं. अडल्या वेळी कोण भाव बघतो." लोक समजायचं ते समजले; कुणी पत्रकापुरतं दिलं, कुणी तेवढंही नाही.

सकाळी उठून हनुमंतरावनं पुन्हा वल्हं घेतलं, तेव्हा गंगाबाई दारात आडवी झाली.

"आता काय म्हणून जातां? बाळाचं झालं की."

"एक डबा किती दिवस पुरेल? आणि तांदूळही पुरणार नाही."

"खोटं बोलूं नका मजशी."

"बत्तीस वर्षं माझ्याकडे दाखवायला काही नव्हतं. काल होतं, ते पुसलं. ह्या खेपेस शिक्का मारून, पेनानं लिहवून घेतों. प्लास्टिकमध्ये बांधून आणतों."

"कोणास दाखवायचं आहे ते? त्यांस? ते वाचतील असं वाटतं तुम्हास?"

"न वाचूं देत," तो म्हणाला. "बाजूस हो, गंगे. पाणी चढायच्या आत जाऊन येतों."

ती बाजूला झाली. त्यानंतर ती जिवंत होती तोवर तिला तो एक क्षण आठवायचा. आपण बाजूला झालो.

तिसऱ्या दिवशी दुपारी ओरडा झाला, की बेटाच्या शेपटाकडे बांबूत परिसल अडकली आहे. गंगाबाई धावली. वाट सगळी गुडघाभर गाळाची, दोनदा पडली. पोचली तोवर परिसल लोकांनी दोर टाकून वर ओढली होती. हनुमंतराव तिच्यात नव्हता. पोती दोरानं आत बांधलेली असावीत. दोर सुरीनं कापलेले तिला दिसले. परिसल रिकामी होती. वाटेवर आपल्याला काखेत, डोक्यावर काहीबाही घेतलेली माणसं भेटली होती, आणि तिच्याकडे न बघता बाजूनं निघून गेली होती, ते तिला आत्ता समजलं. तिथं उरलेल्या दोघा-तिघांनी मान खाली घातली.

"ते कोठे आहेत?" तिनं विचारलं.

"परिसलीत नव्हते, अम्मा."

"शोधलंत?"

ती तिथंच बसली आणि परिसलीच्या ओल्या काठाला धरून राहिली. पाठीमागं गावातून चुलींचा धूर निघायला लागला होता. बऱ्याच दिवसांनी सगळ्या घरांतून एकदम.

प्रेत दोन दिवसांनी, पाणी उतरल्यावर, खालच्या गावच्या उसात सापडलं. ज्यांच्या उसात सापडलं त्यांनीच पलीकडे दहनाची व्यवस्था केली. नामदेव आला होता, खांदा द्यायला पुढं झाला. गंगाबाईनं त्याला अडवलं नाही. तिच्यात तेवढंही त्राण नव्हतं.

तेराव्यानंतर नंदिता आली. हातात एक कापडी पिशवी. ती ओट्यावर बसली नाही, उंबऱ्यापाशी उभी राहिली.

"अक्का, हे गावातनं गोळा केलंय. त्या दिवशीच्या सामानाचं. ज्यानं जे नेलं त्यानं त्याचं दिलंय. आमचे हेच घरोघरी हिंडून गोळा केले." तिनं पिशवी उंबऱ्यावर ठेवली. "पत्रकातला भाव धरलाय. जुना. त्यात काही कमी नाही, मोजून घ्या."

गंगाबाईनं पिशवीकडे बघितलं. "बाळ कसं आहे?"

"बरं आहे. आता अंगही धरलंय थोडं."

"निजतं की नाही नीट?"

"निजतं." नंदितानं पिशवीकडे बोट केलं. "दुसरा डबा होता ना परिसलीत. तो आमच्याकडेच आला. त्याचेही पैसे ह्यातच आहेत."

"हो," गंगाबाई म्हणाली. "पण हे पुरतं नाही, नंदिता."

नंदितानं मान वर केली. "पत्रक आणून दाखवूं की?"

"पत्रक नको. सामानाचं बरोबर असेल. ह्यात आणणावळ धरली नाही."

नंदिताचा हात पदराच्या टोकाशी गेला आणि तिथंच राहिला. शेवटी, काहीतरी बोलायला हवं म्हणून, तिनं विचारलं, "किती?"

"ते मज ठाऊक नाही. तुझ्या नवऱ्यास विचार. मग गोळा केलं तसं घरोघरी जाऊन विचार. सगळ्यांनी मिळून एक आकडा काढा, आणि तो घेऊन ये." तिनं पायानं पिशवी उंबऱ्याबाहेर सारली. "तोवर हे तुझ्यापाशी असूं दे."

नंदिता पिशवी उचलून गेली. त्या दिवशी कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. भिंतीपलीकडे बाळाला न्हाऊ घालताना कीर्तना गाणं म्हणायची, तेवढं ऐकू यायचं.

आठ दिवसांनी एसीच्या दुकानाची गाडी पुलावरून बेटावर आली. आता सामान दारात मिळणार होतं, खेप आठवड्याला एकदा. हॉर्न वाजला तशी माणसं जमली, रांग लागली. गंगाबाईच्या घरातलं मीठ संपलं होतं, म्हणून तीही गेली. तिला बघून पुढची माणसं सरकली, जागा करून देऊ लागली. ती सगळ्यांत मागं जाऊन उभी राहिली.

गाडीच्या दाराला नवा भावफलक लावला होता. मीठ, डाळ, तेल, सगळ्याचा भाव, दुकान मिटायच्या आधी हनुमंतराव लावायचा त्याच्याही वर गेला होता. रांगेत नामदेव होता, नंदिता होती, माळ्यावर चढलेले ते दोघं होते. एकेक जण पुढं जायचा, फलक वाचायचा, पैसे काढून द्यायचा आणि पिशवी घेऊन घरी जायचा. कां म्हणून कुणी विचारलं नाही.

गंगाबाईची पाळी आली तेव्हा मिठाच्या दोनच पुड्या उरल्या होत्या. तिनं एक घेतली.